सातबारा, शेरा आणि डेटाबेस

सातबारा हा एक कागद आहे असं आपण बोलतो, पण ते दोन वेगळे नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही: या हंगामात त्या जमिनीत काय पेरलं, किती पेरलं, पाणी कशाचं. दोन्ही एका पानावर वर-खाली छापले जातात, म्हणून नाव जोडून आलं.

या दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. सात वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बदलतो तेव्हा घरात कोणाचा तरी इंतकाल झालेला असतो, नाहीतर जमीन विकलेली असते. बारा दर हंगामाला बदलतो. सातमध्ये एक नाव चुकलं तर माणूस कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारा होतो. बारामध्ये कापसाच्या ओळींत लावलेली तूर वेगळी दाखवायची की मिश्र, यावर बांधावर उभं राहून वाद घालता येतो.

मी मूळचा अंबड तालुक्यातला. पुण्यात अठरा वर्षं डेटाबेसचं काम करतो. आमच्या धंद्यात एक वाद कधी संपत नाही: माहिती ठेवायची ती रिलेशनल डेटाबेसमध्ये की नोएसक्यूएलमध्ये? यावर तरुण मुलं क्रिकेटच्या संघांवरून भांडावं तशी भांडतात. अलीकडे हा वाद माझ्या घरात आला, जालना जिल्ह्यातले जुने कागद घेऊन, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हा विषय संगणकाच्या लोकांपुरता नाही. म्हणून इथे लिहितो आहे. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांनी घाबरू नये, सातबारा वाचता येत असेल तर हेही समजेल.

माझ्या बहिणीचा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्र गावोगावी जाऊन लोकांच्या घरातले जुने कागद मोबाइलवर टिपतात: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, फेरफाराच्या नकला, शाळेचे दाखले, निकाहनामे. ते शोधता येतील असं काहीतरी बनवायचं आहे. त्याने फोनवर विचारलं, "मामू, सब मोंगो में डाल दूँ क्या?"

मोंगो म्हणजे मोंगोडीबी. नोएसक्यूएल जातीचा, दस्तऐवज ठेवणारा डेटाबेस. त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण त्या आधी दोन्हींत फरक काय, ते सांगतो.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे तक्ते. तलाठ्याच्या दप्तरासारखे, आखलेल्या रकान्यांचे. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यातून ही कल्पना आली. त्याआधी संगणकात माहिती झाडासारखी ठेवत: खोड, फांदी, डहाळी. गावाखाली सर्व्हे नंबर, सर्व्हे नंबरखाली मालक. अशा रचनेत 'या नंबरचा मालक कोण' हे झटकन सापडतं. 'या माणसाची जमीन कुठे कुठे आहे' असं विचारलं की अख्खं झाड हलवावं लागतं. महसूल खात्याला ही अडचण कागदावरच कळली होती. म्हणून नमुना सातच्या जोडीला नमुना आठ-अ आहे, तीच माहिती खातेदाराच्या नावाने मांडलेली. कॉड यांचं म्हणणं असं की माहिती साध्या तक्त्यांत मोडून ठेवा, तक्ते एकमेकांशी खुणेने जोडा, मग प्रश्न कोणत्याही बाजूने विचारा. उद्या कोण काय विचारेल हे आज ठरवून टाकू नका.

नोएसक्यूएल हे एका डेटाबेसचं नाव नाही, एका कुटुंबाचं आहे. २००६ मध्ये गुगलने बिगटेबल आणि २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने डायनॅमो यांवर निबंध प्रसिद्ध केले. माहिती इतकी झाली होती की एका यंत्रात मावेना, आणि हजार यंत्रांवर तक्ते पसरून त्यांना एकमेकांशी ताळमेळ राखायला लावणं जड जात होतं. डायनॅमोच्या निबंधात एक साधा नियम आहे: गिऱ्हाइकाने टोपलीत वस्तू टाकली की ती घ्यायचीच, यंत्र बंद असो, तार तुटलेली असो, नकार द्यायचा नाही. त्याची किंमतही त्यांनी लिहून ठेवली आहे. टोपलीतून काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत दिसू शकते. दुकानाला ते चालतं. त्या निबंधाच्या लेखकांपैकी एक अविनाश लक्ष्मण. त्यांनीच पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासोबत कॅसांड्रा हा डेटाबेस बनवला. २००९ मध्ये मोंगोडीबी आला. त्यात रकाने आखावे लागत नाहीत. एका नोंदीत चार गोष्टी असतील, दुसरीत चाळीस, तो दोन्ही घेतो.

आता सातकडे वळू. एक उदाहरण धरा. रशीदभाईंच्या नावावर चार हेक्टर, म्हणजे चारशे आर जमीन आहे. ते गेले. मागे बेवा, दोन मुलगे, एक मुलगी. घरच्यांनी शरीयतच्या हिशोबाने वाटणी केली. बेवाला आठवा हिस्सा, म्हणजे ५० आर. उरले ३५०. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलग्यांना १४० आणि १४०, मुलीला ७०. बेरीज चारशे.

या एका बदलात संगणकाला पाच कामं करायची आहेत: एक नाव कमी करणं, चार नावं चढवणं. यातली तीन कामं झाली आणि वीज गेली तर? रशीदभाईंचं नाव गेलं, बेवा आणि एक मुलगा चढले, बाकीची २१० आर जमीन कोणाचीच नाही. किंवा उलट, चौघं चढले आणि रशीदभाईही तसेच राहिले, म्हणजे चारशे आरच्या शेताचे आठशे आर झाले. रिलेशनल डेटाबेसचा पहिला वायदा हा आहे: पाचही कामं होतील, नाहीतर एकही होणार नाही. दुसरा वायदा असा की हिश्शांची बेरीज क्षेत्राइतकीच हवी असा नियम एकदा नीट बांधून ठेवला की तो मोडणारी नोंद डेटाबेस घेतच नाही. तिसरा, की एकाच वेळी दोन टेबलांवर बसून दोन जणांनी त्याच जमिनीला हात घातला तरी एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबवता येतं. चौथा, की एकदा 'झालं' म्हटलं की यंत्र बंद पडलं तरी ते पुसलं जात नाही.

महसूल खात्याने ही शिस्त संगणकाच्या आधीच कागदावर बांधली होती. सातमध्ये कोणी थेट खाडाखोड करत नाही. आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सात बदलतो. डेटाबेसही आतून असंच करतो. बदल आधी एका रोजनाम्यात लिहितो, नंतर तक्त्यात. मध्येच बंद पडला तर उठल्यावर रोजनामा वाचून जिथे होता तिथून पुढे निघतो.

आणि तार तुटली तर? समजा दोन कचेऱ्यांतलं नेटवर्क तुटलं आहे आणि एकच जमीन दोन ठिकाणी दोन गिऱ्हाइकांना विकायला कोणी निघालं आहे. यंत्राला दोनच वाटा आहेत: दोन्हीकडे नोंद घेऊन नंतर निस्तरायचं, किंवा 'आज होणार नाही, उद्या या' म्हणायचं. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि दोन वर्षांनी गणिताने सिद्ध झालेला सिद्धांत सांगतो की तार तुटल्यावर दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. 'उद्या या' ऐकून आपण चिडतो. पण जमिनीच्या बाबतीत तो नकार आपल्याच भल्याचा असतो.

बाराचं गणित उलटं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइल घेऊन शेतात उभा राहतो, गट निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, फोटो काढतो. शेतात रेंज असेलच असं नाही. अशा वेळी 'उद्या या' म्हणून कसं चालेल? माणूस तीन किलोमीटर चालून आलेला असतो. इथे नोंद फोनमध्येच घेऊन ठेवायची आणि रेंज मिळाली की पाठवायची. एका शेताची नोंद दुसऱ्या शेताच्या नोंदीवर अवलंबून नसते. संध्याकाळी पोचली काय, उद्या पोचली काय, फरक पडत नाही. शिवाय शेवटच्या तारखेपर्यंत सगळे थांबतात आणि मग सगळा जिल्हा एकदम अ‍ॅप उघडतो. एखाद्याच्या मोसंबीच्या बागेला झाडांची संख्या आणि लागवडीचं वर्ष लागतं, दुसऱ्याच्या सोयाबीनला यातलं काही लागत नाही. लिहिण्याचा असा लोंढा, नोंदींची अशी विविधता आणि उशीर सोसण्याची मुभा असेल तर तिथे नोएसक्यूएलचा विचार जरूर करावा. पण त्याच नोंदीवरून नुकसानभरपाई वाटायची वेळ आली की पैशाचा हिशोब पुन्हा तक्त्यातच यायला हवा. एका गटाला दोनदा पैसे जाऊन चालत नाही.

हेच माप जालन्यातल्या बाकी धंद्यांना लावून पाहा. बाजार समितीतली हिशोबपट्टी, म्हणजे माल किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय, हे तक्त्याचं काम. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीचं तापमान क्षणाक्षणाला मोजलं जातं. ते कोणी बदलत नाही, फक्त मागे साठत जातं. वेळेच्या क्रमाने रांग धरणारा वेगळा डेटाबेस तिथे शोभतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली तेव्हापासून जालना बियाणांचं गाव आहे. कापसाच्या वाणाचे गुण वेगळे, भेंडीचे वेगळे, मिरचीचे वेगळे. वाणांची सूची दस्तऐवजांत सुखाने राहील, पण कोणत्या दुकानदाराकडे किती पाकिटं उधारीवर गेली ते तक्त्यातच ठेवा.

उधारीवरून आठवलं. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरातली २८२ वी, आणि ती इबादतीबद्दल नाही, उसनवारी लिहून ठेवण्याबद्दल आहे: मुदतीचं देणं असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. लहानपणी मदरशात हे पाठ केलं तेव्हा एवढ्या रुक्ष गोष्टीला इतकी जागा का, असं वाटायचं. आता वाटतं, नोंद न झालेल्या देण्याने किती घरं तुटतात हे ज्याला ठाऊक आहे तो जागा देणारच.

परत भाच्याच्या कागदांकडे येतो. नोएसक्यूएल घेण्यामागे त्याचं पहिलं कारण होतं, "डेटा बहुत बड़ा होगा." हे कारण मी खोडून काढलं. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेएकोणीस लाख होती. प्रत्येक माणसामागे दहा नोंदी धरल्या तरी दोन कोटींच्या आत. एवढे तक्ते साधा रिलेशनल डेटाबेस एका बऱ्यापैकी यंत्रावर आरामात सांभाळतो. गुगल-अ‍ॅमेझॉनचं दुखणं आपल्याला झालेलं नसताना त्यांचं औषध घ्यायची गरज नाही. फोटो जागा खातात, पण ते डेटाबेसमध्ये ठेवायचेच नसतात. ते बाहेर फाइल म्हणून ठेवावेत आणि आत फक्त पत्ता असावा.

त्याचं दुसरं कारण मात्र खरं होतं. "मामू, हे कागद कोणत्याच रकान्यात बसत नाहीत."

या कागदांना अचानक किंमत आली ती सप्टेंबर २०२३ नंतर. आमच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळच्या दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्या बुजुर्गांना नातवंडं 'दादाजान, ही लिपी आता कोण वाचतं' म्हणायची, त्यांच्यापुढे मराठा शेजारी कागद घेऊन बसले. गावागावांत ट्रंका उघडल्या, आमच्या घरातल्याही. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. मला सांगायचंय ते कागदांबद्दल.

पहिली अडचण वाचनाची. उर्दूत कुणबी हा शब्द काफ, नून, बे, ये असा लिहितात. शब्दाच्या मध्ये आलेला नून आणि बे या दोघांचा आकार एकसारखाच, नुसता एक दात. नूनचा नुक्ता वर, बेचा खाली. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाने नुक्ते गाळले की दोन सारखे दात उरतात, आणि तिथे प आणि त सुद्धा वाचता येतात. म्हणजे ज्या शब्दावर घराचं भवितव्य ठरायचं तो दोन ठिपक्यांवर उभा. एक वाचणारा एक म्हणेल, दुसरा दुसरं. तक्त्यात 'जात' असा एकच रकाना ठेवला तर दोघांपैकी एकाचं वाचन डेटाबेसमधून नाहीसं होतं, आणि दुमत होतं हेसुद्धा कोणाला कळत नाही.

दुसरी अडचण नावांची. मराठवाड्यातल्या मुसलमानांची नावं कशी असतात ते मराठवाड्याबाहेरच्यांना सांगायला हवं. शेख रशीद शेख अमीर. शेख पुढे, शेख मधे, आडनाव शेवटी येतच नाही. जुन्या दफ्तरात हाच माणूस 'शे. रशीद वल्द शे. अमीर' असतो, मतदार यादीत 'रशीद अमीर शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शेख रशीद अमीर', बँकेत नुसता 'रशीद शेख'. उर्दूत शेख लिहायची एकच तऱ्हा: शीन, ये, खे. रोमन लिपीत चार-पाच. भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा शोधताना पहिले नाव, मधील नाव, आडनाव असे पर्याय येतात. तिथे रशीदभाईंच्या पोराने पहिल्या नावात काय लिहावं? शेख लिहिलं तर अर्धं गाव समोर येतं.

रकान्यांचा एक दोष असा की तो रिकामा ठेवता येत नसेल तर माणूस त्यात खोटं भरतो. आडनाव सक्तीचं केलं की कोणी टिंब देतो, कोणी बापाचं नाव देतो, कोणी शेख दोनदा लिहितो. तारखेचंही तसंच. आमच्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आठवा. मास्तरांना रकाना भरायचा होता. निजामकाळच्या कागदावर '१३४० फसली' एवढंच असेल तर त्यात ५९० मिळवून १९३०-३१ निघतं, दिवस-महिना निघत नाही. तक्त्याने पूर्ण तारीख मागितली की पोरं १ जानेवारी १९३० लिहून मोकळी होतात, आणि वीस वर्षांनी कोणीतरी त्या तारखेवर विश्वास ठेवतो.

तिसरी अडचण म्हणजे नावं-नंबर स्थिर राहत नाहीत. १९५४ च्या कागदावर जिल्हा औरंगाबाद असतो, कारण जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. परतूर तेव्हा परभणीत होतं. घनसावंगी तालुकाच नव्हता. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. म्हणून सर्व्हे नंबर ही जमिनीची कायमची ओळख धरून तक्ते जोडले तर जोड तुटतो. ओळख आपली स्वतःची, अर्थ नसलेली ठेवावी आणि नंबर हे त्या जमिनीला त्या त्या काळात मिळालेलं नाव मानावं.

हे सगळं ऐकून वाटेल की झालं, नोएसक्यूएलच घ्या, जसा कागद तसा टाका. मलाही अर्धं तसंच वाटतं. जुन्या कागदाला 'तू रकान्यात बसत नाहीस' म्हणून परत पाठवायचं नसतं. पण उरलेलं अर्धं सांगण्यासाठी मला नमुना सातमधल्या एका रकान्याकडे यावं लागतं. त्याचं नाव 'इतर अधिकार'.

सात इतका काटेकोर, पण ज्यांनी तो आखला त्यांना ठाऊक होतं की आयुष्य रकान्यांत मावत नाही. म्हणून त्यांनी एक मोकळी जागा ठेवली. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, कोर्टाची मनाई, सगळं तिथे. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर तक्त्याच्या आत एक दस्तऐवज. २०१४ मध्ये पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसने नेमकी अशी सोय आणली: आखलेल्या रकान्यांशेजारी एक मोकळा रकाना, ज्यात काहीही ठेवा आणि वेगाने शोधाही. दुसऱ्या बाजूने मोंगोडीबीनेही २०१८ मध्ये अनेक नोंदी एकत्र, सगळ्या किंवा एकही नाही, अशा बदलायची सोय दिली. दोघं एकमेकांकडे सरकले आहेत.

तर, 'इतर अधिकार'. माझ्या नानांची जमीन होती. ते गेले तेव्हा मामूंची नावं भोगवटादार म्हणून चढली आणि अम्मी आणि दोन्ही खालांची नावं 'इतर अधिकारा'त गेली: वारस बहिणी, आणि पुढे तीन नावं. मराठवाड्यात असे सातबारे खूप पाहायला मिळतील, मुसलमानांचे आणि हिंदूंचेही. कोणी म्हणेल, नावं लागली तर आहेत! लागली आहेत. पण त्या ओळीत हिस्सा लिहिलेला नाही. भोगवटादारांच्या क्षेत्राची बेरीज त्यांच्यावाचून पूर्ण भरते. वर रशीदभाईंचं उदाहरण दिलं त्यातली मुलगी काढून टाका: बेवाला ५०, मुलग्यांना १७५ आणि १७५. बेरीज पुन्हा चारशे. डेटाबेस समाधानी आहे, एकही नियम मोडलेला नाही. अम्मी हयात असेपर्यंत तिला तिच्या बापाच्या जमिनीतला एक आरही मिळाला नाही, आणि कागद पाहिला तर तिथे तिचं नाव आहे.

हा दोष मी डेटाबेसवर टाकत नाही, तो घरातला आहे. पण त्यातून मला माझ्या धंद्याचं एक उत्तर मिळालं. मोकळ्या रकान्यात लिहिलेलं वाचता येतं, त्याची बेरीज करता येत नाही. दस्तऐवज माणसाला जागा देतो, तक्ता त्याला हिशोबात धरतो. ज्याला नाकारून चालत नाही ते दस्तऐवजात ठेवावं. ज्याचा हिशोब द्यावा लागणार आहे ते कधी ना कधी तक्त्यात आणावंच लागतं. आणि ते कधी आणायचं, हे डेटाबेस ठरवत नाही, आपण ठरवतो.

म्हणून भाच्याला मी जी रचना सांगितली तिचे तीन थर आहेत. पहिला थर मूळ कागदाचा: फोटो, कुठून मिळाला, कोणत्या लिपीत आहे, आणि जे जे दिसतं ते तसंच्या तसं, 'शे.' म्हणजे 'शे.'च, फसली म्हणजे फसलीच. इथे रकान्यांची सक्ती नाही आणि एकदा टाकलेलं कोणी बदलायचं नाही. दुसरा थर वाचनाचा: हा कागद कोणी वाचला, कधी वाचला, काय वाचलं, कुठे शंका आहे. एका कागदाची दोन वाचनं असू शकतात, तीही एकमेकांशी न जुळणारी. दोन्ही राहतील. तिसरा थर तक्त्यांचा: व्यक्ती, जमीन, नातं, हिस्सा. या तक्त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या वाचनावरून आली त्याची खूण तिच्यासोबत हवी, खुणेशिवाय ओळ चढणार नाही. ही सक्ती मात्र डेटाबेसनेच करायची, पोरांच्या लक्षात राहण्यावर सोडायची नाही. व्यक्तीला नावाचे तीन रकाने नाहीत. नावांचा तक्ता वेगळा, एका माणसाला हवी तितकी नावं, प्रत्येक नाव ज्या कागदावर सापडलं त्या कागदासह. शेख रशीद शेख अमीर आणि रशीद अमीर शेख एकच आहेत, हे म्हणणंही एक नोंद असेल, कोणी म्हटलं त्याच्या नावासकट.

हे सगळं एका पोस्टग्रेसमध्ये होईल, पहिल्या थरासाठी मोकळा रकाना वापरून. दोन डेटाबेस चालवायचे तर दोघांचा ताळमेळ राखायला माणूस लागतो, आणि ही चार पोरं आहेत, त्यातली दोन परीक्षेला बसणार आहेत. उद्या कागद लाखांनी आले, दहा जिल्ह्यांतून आले, तर पहिला थर उचलून मोंगोत नेता येईल. तक्ते तिथेच राहतील.

भाचा जरा हिरमुसला. मोंगो शिकायची त्याची हौस होती. मी म्हटलं, शीक, पण दुसऱ्याच्या कागदांवर नको.

गेल्या महिन्यात त्याने पहिल्या गावाचे कागद चढवले. मी त्याला एक प्रश्न विचारून पाहायला सांगितलं: 'इतर अधिकारा'त ज्या बाया वारस म्हणून लिहिल्या आहेत, त्यातल्या किती जणींचं नाव नंतर कधी भोगवटादार म्हणून आलं? मोकळ्या ओळींतून नावं काढून, नाती लावून, तक्त्यात आणायला त्यांना तीन आठवडे लागले. आता तो आकडा निघतो. एका गावाचा आकडा आहे, त्यावरून जिल्ह्याबद्दल काही म्हणता येणार नाही, म्हणून इथे देत नाही. पण त्या यादीत त्याला त्याच्या नानीचं नाव सापडलं, माझ्या अम्मीचं. त्याने फोन करून विचारलं, "मामू, हिच्यापुढे हिस्सा काय लिहू?"

मी त्याला म्हटलं, रकाना रिकामा ठेव, आणि शेजारी लिही: ठरलेला नाही.